चौदा गोळ्या पुऱ्या का करायच्या?

वर्षावास सुरू झाला की बेंबळीच्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. दिवसभराच्या रोजगाराने दमलेल्या आयाबाया येऊन बसतात, लेकरे त्यांच्या मांडीवर झोपी जातात. सरणत्तय झाल्यावरही माणसे लगेच उठत नाहीत. पाऊस, पेरणी, रेशन, पोरांची शाळा असे विषय निघत राहतात. पावसाळ्याचे दिवस, नळाला गढूळ पाणी. एका संध्याकाळी विषय निघाला तो हागवणीचा.

एक मावशी आपल्या नातवाबद्दल सांगत होत्या. "आशाताईनं पुडे दिले आन् गोळ्याचं पाकीट दिलं. तिसऱ्या दिवशी पोरगं खेळाया लागलं. मग ऱ्हायल्याल्या गोळ्या दिल्या टाकून. चांगल्या लेकराला औषध कशापायी पाजायचं, दादा?"

आजूबाजूच्या चार जणींनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी तेच झाले होते. कोणी चार गोळ्या दिल्या होत्या, कोणी पाच. पाकिटात गोळ्या होत्या चौदा.

मावशींचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे धड उत्तर माझ्याजवळ नव्हते. "डॉक्टर सांगतात म्हणून" हे काही उत्तर नव्हे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही शिकवण ज्या विहारात वाचायची तिथेच असे उत्तर द्यायला जीभ रेटेना. मी शिकलेला बी.कॉम., पोटापाण्याला कारकुनी. तरी पुस्तके मिळवली, जाणकारांना विचारले आणि जे समजले ते या पानावर मांडतो आहे.

त्या गोळ्या झिंकच्या असतात. झिंक म्हणजे आपले जस्त. घरावरच्या पत्र्याला ज्याचा मुलामा असतो ते जस्त, बॅटरीच्या जुन्या सेलचे बाहेरचे डबडे ज्याचे असते ते जस्त, आणि तांब्यात मिसळून ज्याचे पितळ होते तेही जस्तच. हे ऐकून विहारातल्या पोरी हसल्या होत्या. "म्हंजे लेकराला पत्रा चारायचा व्हय?" पत्रा नव्हे, पण जस्ताचा क्षार मात्र खरा. धडधाकट मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगात मिळून दोन ते तीन ग्रॅम जस्त असते. म्हणजे चिमूटभर. त्यातले बहुतेक स्नायूंत आणि हाडांत, रक्ताच्या पाण्यात तर हजारातला एखादा भाग. पण या चिमटीवाचून जखम भरत नाही, लेकराची उंची वाढत नाही, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होत नाहीत. शरीरातली तीनशेहून अधिक पाचके आणि तत्सम कामकरी प्रथिने जस्त हाताशी असल्याशिवाय काम करीत नाहीत.

आता हे जस्त पोटात गेले म्हणजे पेशीत गेले असे नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. हा पडदा चरबीचा. फोडणीच्या तेलात मीठ टाकून पाहा. विरघळत नाही, तळाशी बसून राहते. पाण्यात मात्र लगेच विरघळते. पाण्यात विरघळलेल्या जस्ताचा कण मिठाच्याच जातीचा, विजेचा भार घेतलेला. तो पाण्याला धरून असतो, चरबीच्या पडद्यातून त्याला पार होता येत नाही. तो पडद्याबाहेर कितीही वेळ ताटकळत उभा राहिला तरी आत शिरणार नाही. त्यासाठी दार हवे, आणि दारावर माणूस हवा.

हे दार म्हणजे पडद्यात रुतलेले प्रथिन. प्रथिनाची लांब माळ पडद्याच्या या बाजूने त्या बाजूला टाके घातल्यासारखी पुन्हापुन्हा जाते आणि मधोमध जस्तापुरती जागा ठेवते. कचेरीत काम करणाऱ्याला हा कारभार पटकन समजतो, कारण प्रत्येक कचेरीत दोन नोंदवह्या असतात: आवक आणि जावक. पेशीतही या प्रथिनांची दोन घराणी आहेत. पेशीच्या मुख्य भागात जस्त आणणारे आवक घराणे, त्याला शास्त्रज्ञ 'झिप' म्हणतात. तिथून जस्त बाहेर काढणारे, किंवा पेशीच्याच आतल्या कप्प्यांत भरून ठेवणारे जावक घराणे, त्याचे नाव 'झेडएनटी'. माणसाच्या शरीरात झिप घराण्यातली चौदा प्रथिने आहेत आणि झेडएनटी घराण्यातली दहा. (चौदा झिप आणि चौदा गोळ्या हा निव्वळ योगायोग. कोणी त्यातून आकडा काढू नये.) प्रत्येकाची नेमणूक वेगळ्या ठिकाणी: कोणी आतड्यात, कोणी स्तनात, कोणी स्वादुपिंडात, कोणी मेंदूत.

ही दारे सताड उघडी नसतात. बँकेच्या तिजोरीच्या खोलीला दोन दारे असावीत आणि एक लागल्याशिवाय दुसरे उघडू नये, तशी त्यांची रीत. जस्ताचा कण एका बाजूने आत बसतो, प्रथिन आपला आकार बदलते, मग दुसऱ्या बाजूचे तोंड उघडते. जावक घराणे तर देवाणघेवाण करते: आम्लाचा एक बारीक कण आत घ्यायचा आणि त्याच्या जोरावर जस्त बाहेर ढकलायचे. एवढा कडेकोट बंदोबस्त का? तर जस्त दिसेल त्याला चिकटते. पेशीत मोकळे जस्त वाढले तर ते नको तिथे चिकटून बसेल आणि कारभार बिघडेल. म्हणून मोकळे जस्त पेशी जवळजवळ ठेवतच नाही. आले की कामाला लावायचे, उरले तर कप्प्यात कोंडायचे किंवा बाहेर घालवायचे. आवक-जावकाच्या दोन्ही बाजू चोख नसतील तर माणूस आजारी पडतो.

आता आतडे बघू. जेवणातले जस्त आतड्यात येते तेव्हा तिथल्या पेशींच्या दर्शनी बाजूला झिप-4 नावाचे दार असते. ते जस्त आत घेते. पाठीमागच्या बाजूला झेडएनटी-1 असते, ते हेच जस्त रक्ताच्या हवाली करते. मग रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन ते अंगभर पोचवते. यातली एक गोष्ट मला फार आवडली. शरीरात जस्ताचा तुटवडा पडला की आतड्याच्या पेशी जास्त झिप-4 दर्शनी बाजूला आणून उभी करतात. जस्त भरपूर झाले की तीच दारे आत ओढून घेऊन मोडीत काढतात. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर हजेरी वाढावी आणि सुगीला घटावी तसा हा हिशेब, आणि तो कोणाच्या हुकमावाचून चालतो.

पण या हिशेबात एक मोठी उणीव आहे. लोखंडाला म्हणजे रक्तातल्या लोहाला शरीरात साठ्याची जागा आहे, चरबीला तर आहेच आहे. जस्ताला अशी अडीअडचणीला मोडता येईल अशी खास ठेव नाही. रोज आणायचे, रोज खर्चायचे. शिवाय रोज जेवण पचवताना स्वादुपिंडाच्या रसाबरोबर शरीरातले बरेचसे जस्त आतड्यात ओतले जाते आणि पुढे जाता जाता आतडे त्यातले पुष्कळसे परत शोषून घेते. सकाळी पेटीतून काढलेली रक्कम संध्याकाळी परत पेटीत, असा प्रकार. हागवण लागली की हे परत जमा होणेच थांबते. लेकराला दिवसातून दहा वेळा पातळ शी होते तेव्हा पाणी जाते, मीठ जाते, आणि त्यांच्यासोबत हे ओतलेले जस्तही जाते. पाणी आणि मीठ ओआरएसच्या पुड्याने भरून निघते. जस्त त्या पुड्यात नसते.

जुलाब थांबले म्हणजे गळती थांबली. भरपाई अजून व्हायची असते. आतड्याच्या आतले अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होत असते. सोललेल्या अस्तराच्या जागी नव्या पेशी यायच्या तर त्यांना जस्त लागते, आणि ते आत घेणारी दारेही त्या नव्या पेशींवरच उभी राहायची असतात. दोन आठवड्यांत हे अस्तर दोन-तीन वेळा नवे होते. तिसऱ्या दिवशी लेकरू खेळू लागते तेव्हा वरून सगळे बरे दिसते, आत मात्र खाते अजून तुटीतच असते.

हे नुसते तर्काचे बोलणे नाही. 1995 साली सुनील सझावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत 6 ते 35 महिन्यांची, हागवण लागलेली 937 बालके पाहिली. काहींना औषधात जस्त दिले, काहींना दिले नाही. जस्त मिळालेल्या बालकांत हागवण लांबण्याचा धोका 23 टक्क्यांनी कमी आढळला. पुढे इतर देशांतही असेच दिसले आणि 2004 साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी मिळून सांगितले की हागवण लागलेल्या बालकाला ओआरएसबरोबर 10 ते 14 दिवस जस्त द्यावे. पूर्ण मात्रा घेतलेल्या बालकाला पुढचे दोन-तीन महिने हागवणीचा नवा झटका येण्याची शक्यता कमी होते. मावशींनी उकिरड्यावर टाकल्या त्या गोळ्या या पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या होत्या.

आपल्याकडे सरकारी रीत अशी: सहा महिन्यांवरच्या लेकराला रोज एक गोळी म्हणजे 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या लेकराला अर्धी, दोन्ही चौदा दिवस. गोळी चमच्यात स्वच्छ पाण्यात विरघळवायची. तान्ह्याला आईच्या दुधात. कधी कधी लेकरू ओकते आणि आई घाबरून गोळी बंद करते. 2020 साली भारतात आणि टांझानियात साडेचार हजार बालकांवर झालेल्या अभ्यासात दिसले की 5 किंवा 10 मिलिग्रॅमनेही जवळपास तेवढाच गुण येतो आणि ओकारी कमी होते. पण मात्रा आपण घरी बसून बदलायची नाही. लेकरू गोळी ओकत असेल तर आशाताईला किंवा डॉक्टरला विचारायचे.

आता ज्या लेकरांचे दारच जन्मतः बिघडलेले असते त्यांची गोष्ट. ती सांगताना मला राग येतो, तो आधीच कबूल करतो.

फार क्वचित, काही लाखांत एखादे लेकरू असे जन्मते की त्याचे झिप-4 नीट काम करीत नाही. आईच्या दुधातले जस्त लवकर शोषले जाते, म्हणून अंगावर पीत असते तोवर ते बरे राहते. दूध तुटले की काही आठवड्यांत तोंडाभोवती, शीच्या जागेभोवती, हातापायांच्या बोटांवर लालभडक चट्टे उठतात, केस गळतात, जुलाब लागतात, लेकरू सारखे किरकिरते. 1942 साली डानबोल्ट आणि क्लॉस या डॉक्टरांनी या रोगाचे वर्णन केले. पुढची तीस वर्षे त्याचे कारण कोणाला कळले नाही आणि पुष्कळ लेकरे दगावली. मग 1973-74 च्या सुमारास लंडनचे डॉ. मॉयनाहन यांनी अशा बालकांना जस्त दिले आणि चट्टे विरले, केस उगवले. बिघडलेल्या दाराचे जनुक सापडले ते 2002 साली.

अंगावर असे चट्टे घेऊन लेकरू आले तर आपल्या वस्त्यांत काय होते? बाहेरचे झाले म्हणतात. आईने काहीतरी चुकीचे खाल्ले म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली म्हातारीसुद्धा गुपचूप अंगारा लावून आणते, हे आपण सगळे जाणतो. या रोगात दोष असतो तो एका प्रथिनात, आणि तो आईकडून व बापाकडून अशा दोन्हीकडून यावा लागतो. दोघेही स्वतः धडधाकट असतात, प्रत्येकाकडे जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली. लेकराला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच रोग. असे होण्याची शक्यता दर बाळंतपणी चारातून एक. मामाची मुलगी करणे, भाचीशी लग्न लावणे ही आपल्या मराठवाड्यातली जुनी चाल. रक्ताच्या नात्यात लग्न झाले की एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. सोयरीक ठरवताना एवढा विचार केला तर काही बिघडत नाही.

दुसरा प्रकार आईच्या दुधाचा. स्तनातल्या पेशींत झेडएनटी-2 नावाचे दार दुधात जस्त भरते. काही बायांत ते अधू असते. बाईचे स्वतःचे जस्त ठीक, लेकराचे आतडे ठीक, दूधही भरपूर, फक्त दुधात जस्त उतरत नाही. निव्वळ अंगावर पिणाऱ्या लेकराला तसेच चट्टे उठतात. 2006 साली हे कारण उलगडले. अशा बाईने स्वतः कितीही जस्त खाल्ले तरी दुधात येत नाही, कारण अडलेले आहे ते दारात. औषध लेकरालाच द्यायचे, आणि दूध तोडायची गरज नाही. लेकरू वरचे खाऊ लागले की हा त्रास संपतो. "हिचं दूधच वाईट" असे म्हणून माहेरी धाडलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. त्यांच्यात या रोगाची एखादी तरी होती का, हे आता कोण तपासणार? प्रत्येक चट्टा या रोगाचा नसतो. खरूज, नायटे, गजकर्ण आपल्याकडे पुष्कळ. पण चट्टे, केसगळती आणि जुलाब तिन्ही एकत्र दिसले तर लेकरू कातडीच्या किंवा बालरोगाच्या डॉक्टरकडे न्यावे. रोग निघाला तर उपाय स्वस्त आहे. झिप-4 चा दोष असेल तर मात्र औषध जन्मभर घ्यावे लागते.

जस्ताचा हा कारभार आपल्याला जवळच्या आणखी एका गोष्टीशी जाऊन भिडतो. बाबासाहेबांना मधुमेह होता. 1948 च्या सुमारास पायांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे, इन्शुलिन घ्यावे लागे. त्याच वर्षी 15 एप्रिलला त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला आणि माईसाहेबांनी डॉक्टर म्हणून त्यांची काळजी वाहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. शरीर जे इन्शुलिन स्वतः तयार करते त्याची साठवण जस्तावर अवलंबून असते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. स्वादुपिंडातल्या पेशीत इन्शुलिनचे सहा-सहा कण एकत्र बांधले जातात आणि त्यांच्या मधोमध जस्ताचे दोन कण असतात. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी 1969 साली दाखवली. त्या कप्प्यात जस्त भरणारे दार आहे झेडएनटी-8. टोरांटोच्या स्कॉट यांनी 1934 मध्येच दाखवले होते की जस्ताशिवाय इन्शुलिनचे स्फटिक नीट बनत नाहीत. त्यानंतर दोनच वर्षांत जस्त घातलेले, हळूहळू मुरणारे इन्शुलिन बाजारात आले. लहान वयात होणाऱ्या मधुमेहात शरीर आपल्याच झेडएनटी-8 वर उलटते, हे 2007 साली कळले. गंमत अशी की ज्यांच्याकडे या दाराच्या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असते त्यांना मोठेपणीचा मधुमेह उलट कमी होतो. तेव्हा जस्ताच्या गोळ्या खाऊन साखर उतरेल असे कोणी समजू नये.

राहिला प्रश्न खाण्याचा. जस्ताच्या कमतरतेने माणूस आजारी पडतो हे दाखवणारा डॉक्टर आपल्याच देशातला, बिहारच्या बक्सरचा आनंद प्रसाद. 1958 साली इराणातल्या शिराझ गावी त्यांच्याकडे 21 वर्षांचा एक तरुण आला. दिसायला दहा वर्षांचा, रोजचे खाणे रोटी, आणि सवय माती खाण्याची. पुढे इजिप्तमध्ये अशाच खुरटलेल्या मुलांना जस्त देऊन त्यांनी त्यांची उंची वाढवून दाखवली. सुरुवातीला बड्या शास्त्रज्ञांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले होते. 2022 साली ते वारले.

त्या तरुणाच्या रोटीत जस्त नव्हते असे नाही. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो जस्ताला धरून ठेवतो आणि झिप-4 च्या दारापर्यंत जाऊच देत नाही. आपली ज्वारीची भाकर त्याच वर्गातली. पण आपल्या आज्यांना त्यावरचे उपाय ठाऊक होते. मटकी-हरभऱ्याला मोड आणले की फायटेट कमी होते. आंबिलाचे पीठ आंबवले की कमी होते. मांस, वजडी, सुकट, अंडी यांतले जस्त तर फायटेटच्या तावडीतून सहज सुटून जाते. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होते याची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात 2015 साली केली. ज्या खाण्यासाठी आपल्याला हिणवले गेले त्यात जस्त होते. आता बकऱ्याचे मटण रोजगारावर जगणाऱ्याला परवडत नाही, आणि गरिबाला परवडणारे मोठ्याचे मटण त्याच 2015 सालच्या कायद्याने बरेचसे बंद झाले. उरली अंडी, सुकट, डाळी. अंगणवाडीतल्या खाऊत काय येते याकडे मंडळांनी लक्ष घालावे ते यासाठी.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' नावाचा ज्वारीचा वाण काढला, तो 2018 साली आला. त्यात किलोमागे सुमारे 32 मिलिग्रॅम जस्त असते, नेहमीच्या ज्वारीत 20 च्या आसपास, आणि फायटेटही कमी. ज्यांच्या वाट्याला एक-दोन एकर आहे त्यांनी कृषी सहायकाकडे चौकशी करायला हरकत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या एका अभ्यासात, तो 2009 साली प्रसिद्ध झाला, शाळकरी मुलींना जस्त दिल्यावर त्यांची चव ओळखण्याची शक्ती आणि बुद्धीच्या चाचण्यांतले गुण सुधारले. आपल्या पोरी उपाशीपोटी दहावीला बसतात, तेव्हा हे वाचून मला बरे वाटले नाही.

आणि हो, चौदा चांगल्या म्हणून चाळीस चांगल्या नव्हेत. जस्त फार दिवस फार घेतले तर आतड्याच्या पेशी तांब्याला अडवून धरतात आणि रक्त कमी होते.

यातले बरेचसे मी पुढच्या वाचनाच्या संध्याकाळी विहारात सांगितले. झिप, झेडएनटी ही नावे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत; आवक-जावक मात्र राहिले. नळाचे पाणी तसेच होते. मावशींच्या नातवाला पंधरा दिवसांनी पुन्हा जुलाब लागले. आशाताईने पुन्हा पाकीट दिले. या वेळी ते मावशींनी बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवले आहे, सकाळी वंदनेला उभे राहिले की दिसावे म्हणून. परवा मी गेलो तेव्हा लेकरू अंगणात कोंबडीमागे पळत होते आणि पाकिटात पाच गोळ्या उरल्या होत्या.